‘कामापुरतं इंग्रजी’ कुणाच्या कामाचं?

बदनापुरात इंग्रजीविषयी एक मत फार खोल रुजले आहे. पालकसभेत, बाजार समितीच्या ओट्यावर, लग्नाच्या मांडवात, लेकरांच्या शिक्षणाचा विषय निघाला की ते हमखास ऐकू येते. ‘आपल्या लेकराला कामापुरतं इंग्रजी आलं की बस झालं. अर्ज लिहिता यावा, मुलाखतीत चार वाक्यं बोलता यावीत. ते अवघड-अवघड शब्द घेऊन काय करायचंय? ते शहरातल्या पोरांसाठी.’ बोलणारा माणूस वाईट नसतो. कधी तो शिक्षक असतो, कधी आठवीतल्या पोरीचा बाप, कधी इथूनच शिकून पुण्याला गेलेला आणि दिवाळीला घरी आलेला इंजिनिअर. मी याच तालुक्यात इंग्रजी शिकवतो आणि हे मत ऐकून माझा संताप दरवर्षी वाढतो. ते मायेने बोलले जाते, म्हणून कुणी त्याला अडवत नाही. त्याचे परिणाम मात्र लेकरांना जन्मभर भोगावे लागतात.

सोयीचे तेवढेच उचलले असा आरोप नको, म्हणून ते आधी पुरते मांडतो. म्हणणे असे आहे: ग्रामीण मुलाला आधीच गणित-विज्ञानाचा भार असतो, त्यात भारीभक्कम शब्दांचे ओझे कशाला? थोरामोठ्यांनीही सोपे लिहा, सोपे बोला असेच सांगितले आहे. अडलेच तर खिशात मोबाइल आहे, तो क्षणात भाषांतर करून देतो. शिवाय जो इंग्रजीच्या फार मागे लागतो त्याचे मराठी बिघडते. आणि शेवटी, शेती, दुकान किंवा पोलीस भरती एवढेच पुढे असेल तर या शब्दांचे काम पडणार कधी?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर उभे आहेत. काम पडणार कधी? पीकविम्यात पडते. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ साली आली. तिच्या मार्गदर्शक सूचना मूळ इंग्रजीत वाचाव्यात. भरपाई ठरते ‘थ्रेशोल्ड यील्ड’वर. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घ्यायची, त्यांच्या उत्पादनाची सरासरी काढायची आणि तिला ‘इन्डेम्निटी लेव्हल’ने गुणायचे. सरासरी हेक्टरी दहा क्विंटल असेल आणि ही पातळी ७० टक्के असेल, तर उंबरठा सात क्विंटलचा. महसूल मंडळाचे उत्पादन साडेसात क्विंटल निघाले तर अडीच क्विंटल बुडूनही एक पैसा मिळत नाही. ५.६ क्विंटल निघाले तर उंबरठ्यापेक्षा १.४ क्विंटल कमी, म्हणजे २० टक्के तूट, आणि विमा संरक्षित रकमेच्या २० टक्के भरपाई. हा हिशेब सातवीतले कोणतेही लेकरू करू शकते. त्याला अडवतात ते दोन शब्द. राज्याचा शासन निर्णय मराठीत निघतो आणि त्यात ‘उंबरठा उत्पादन’, ‘जोखीमस्तर’ असे शब्द असतात हे मला ठाऊक आहे. पण तो निर्णय ज्या नियमांवर बेतलेला असतो ते नियम, त्यांतले अपवाद आणि वाद पुढे गेला की त्यावर होणारी सगळी लिखापढी यांचे काय?

वाद पुढे जातो. धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचा २०२०च्या खरिपातल्या सोयाबीनचा विमा औरंगाबाद खंडपीठापर्यंत आणि तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भांडण मुख्यतः एका अटीवर होते: नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत दिली की नाही. ज्यांच्या शेतात पाणी उभे होते त्यांच्या नशिबाचा निवाडा एका नियमाच्या शब्दांवर ठरत होता, आणि ते शब्द इंग्रजीत होते. राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदानुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. खालच्या कोर्टात मराठी चालते. पण माणूस हरला की वर जातो, आणि वर गेला की स्वतःच्याच खटल्यात मुका होतो. हे काम नव्हे काय? की बदनापूरच्या शेतकऱ्याचे काम तालुक्याच्या हद्दीवर संपते असे आपण ठरवून टाकले आहे?

जमिनीचेही तेच. या तालुक्याने गेल्या काही वर्षांत जमिनी जाताना पाहिल्या आहेत, समृद्धी महामार्ग इथूनच गेला. सक्तीने जमीन घेतली तर भरपाई कशी मोजायची हे २०१३च्या भूसंपादन कायद्याने ठरवले आहे. त्याच्या तिसाव्या कलमात ‘सोलेशियम’ हा शब्द आहे. इच्छेविरुद्ध जमीन जाते म्हणून भरपाईच्या रकमेवर आणखी १०० टक्के द्यायचे, एवढा त्याचा अर्थ. म्हणजे रक्कम थेट दुप्पट. हा शब्द अवघड आहे, जुना लॅटिन आहे, शाळेच्या कोणत्याही ‘कामापुरत्या’ यादीत तो येणार नाही. ज्या घराची चार एकर गेली त्या घराला मात्र त्याची किंमत लाखांत मोजावी लागते. तो ज्याला माहीत नाही त्याला दुसरा माणूस समजावून सांगतो, आणि त्या दुसऱ्या माणसाला टक्केवारी द्यावी लागते. गावोगाव अशी टक्केवारी घेणारे आहेत. त्यांचा धंदा लोकांच्या शब्दांच्या गरिबीवर चालतो, आणि ‘कामापुरतं पुरे’ म्हणणारे लोक त्यांचेच गिऱ्हाईक तयार करत असतात.

दवाखान्यातल्या संमतीपत्राविषयी वेगळे लिहीत नाही. ऑपरेशनच्या आधी बापाच्या नावापुढे सही करणाऱ्या मुलाला त्या कागदातले किती कळले, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारावे.

आता कामापुरते म्हणजे नेमके किती, हे पाहू. ही कल्पना आपली नाहीच. केंब्रिजच्या सी. के. ऑग्डेनने १९३०मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ काढले. सगळे मिळून ८५० शब्द, आणि जगाचे व्यवहार त्यात चालावेत अशी अपेक्षा. १९४३ साली चर्चिलने हार्वर्डमध्ये भाषण करून त्याची भलामण केली. इंग्रजांनी इतरांसाठी मापून दिलेले हे इंग्रजी होते. ऑग्डेनने आय. ए. रिचर्ड्सबरोबर लिहिलेला ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’ हा १९२३चा जाड ग्रंथ त्या ८५० शब्दांत वाचता येत नाही. स्वतःसाठी एक भाषा आणि दुसऱ्यासाठी तिचा तुकडा, हा हिशेब तेव्हा साम्राज्याला शोभला असेल. स्वतंत्र देशातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने तो का स्वीकारावा?

मायकेल वेस्ट हा ढाक्यात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवलेला माणूस. त्याने १९५३ साली सर्वांत उपयोगी सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. आपल्याकडचे ‘कामापुरतं’ साधारण तिथेच संपते. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेडने २००० साली विद्यापीठीय लेखनाचा मोठा साठा तपासला, तेव्हा दिसले की वेस्टच्या यादीतले शब्द त्यातला जेमतेम ७६ टक्के मजकूर व्यापतात. म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या पानावर साधारण दर चौथा शब्द अनोळखी. आणि हा चौथा शब्दच विषयाचा असतो. ‘द’, ‘इज’, ‘विथ’ कळून रसायनशास्त्र कळत नाही. तिने वेगळी काढलेली ५७० शब्दकुटुंबे, म्हणजे एकाच मुळापासून निघालेल्या शब्दांचे गट, आणखी १० टक्के मजकूर उघडतात. शब्दसंपत्तीच्या अभ्यासात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या पॉल नेशन यांच्या हिशेबाने, मदतीवाचून वर्तमानपत्र किंवा पुस्तक वाचायचे तर आठ-नऊ हजार शब्दकुटुंबे हवीत. दोन हजारांवर थांबवलेले मूल वाचक होतच नाही. ते कायम विचारणारे राहते.

त्याची फळे आपण अकरावीत पाहतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात हुशार म्हणून नावाजलेली मुलगी अकरावी सायन्सला जाते आणि सगळी पुस्तके एकदम इंग्रजीत होतात. तिला प्रकाशसंश्लेषण उत्तम येत असते, पण पानावर ते तिला ओळखू येत नाही. दोन-तीन महिन्यांत ती स्वतःलाच ढ समजू लागते. अशा मुली मी पाहिल्या आहेत, आणि दर वेळी मला तोच राग येतो: आठवीपासून तिला रोज दोन-तीन जड शब्द नीट समजावून दिले असते तर हे टळले असते. ‘ओझे नको’ म्हणून जे तिच्या पाठीवरून उतरवले, ते अकरावीत एकाच दिवशी तिच्या डोक्यावर टाकले.

आपल्या गावातच कृषी संशोधन केंद्र आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे हे केंद्र तुरीच्या वाणांसाठी ओळखले जाते. ‘बीडीएन’ ही अक्षरे बदनापूरची, आणि बीडीएन ७११ हा वाण मराठवाडाभर पेरला जातो. मर आणि वांझ या रोगांना तो दाद देत नाही, शिवाय लवकर येतो, म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याने तो उचलला. या तुरीविषयीचे शोधनिबंध इंग्रजीत आहेत. त्यात मर म्हणजे ‘विल्ट’ आणि वांझ रोग म्हणजे ‘स्टरिलिटी मोझॅक’. ज्या रस्त्याने आपली पोरे शाळेत जातात त्याच रस्त्यावर जगाला सांगण्याजोगे काम झाले, आणि ते वाचायला लागणारे शब्द आपल्या पोरांच्या कामाचे नाहीत असे आपणच म्हणतो. शेजारच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली बियाण्यांची कंपनी उभी केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या उद्योगातले उगवणशक्तीचे, जनुकीय शुद्धतेचे, संकराचे सगळे शास्त्र कोणत्या शब्दांत लिहिले जाते? आपल्या मुलांनी तिथे फक्त पोती उचलायची का?

मराठवाड्याला तर हा धडा नव्याने शिकवायची गरज पडू नये. १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरी उर्दूत चाले, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणही उर्दूत होते. तेव्हा ज्या घरांतली माणसे कचेरीचे उर्दू कागद पुरते वाचू शकत, त्यांच्या जमिनी टिकल्या. बाकीचे अर्जनवीस सांगेल तिथे अंगठा उठवत. इनाम जमिनीच्या वादात ‘मुंतखब’ हा निजामकाळातला कागद आजही काढावा लागतो, आणि त्याचा अर्थ लावणारा माणूस शोधत आजही फिरावे लागते. ज्या भाषेत सत्ता लिहिते त्या भाषेतले अवघड शब्दच आधी शिकावे लागतात, हे आपल्या आजोबांनी किंमत मोजून जाणले होते. सत्तेच्या कागदांची भाषा बदलली, आणि नातवंडांना आपण म्हणतो, तुला थोडे पुरे.

सोपे लिहा हा थोरांचा सल्ला दाखवतात. जॉर्ज ऑर्वेलने १९४६मध्ये लिहिले की छोटा शब्द चालत असेल तिथे लांब वापरू नये. सल्ला योग्यच आहे. पण तो लिहिणाऱ्यासाठी आहे. ऑर्वेल ईटनला शिकला होता, लॅटिन-ग्रीक शिकला होता. लांब शब्द टाळण्याचा हक्क त्याला ते सगळे शब्द येत होते म्हणून मिळाला होता. बदनापूरच्या मुलाने जड शब्द मिरवावेत असे मी कधीही म्हटलेले नाही. त्याने साधेच बोलावे, साधेच लिहावे. पण समोरच्याने जड शब्दात फसवले तर ते त्याला कळले पाहिजे. लिहिण्याचा नियम वाचण्यावर लादणारे लोक एक तर गोंधळलेले आहेत, किंवा त्यांना शिकवण्याचे कष्ट चुकवायचे आहेत.

मोबाइलचे उत्तर याहून घाईचे आहे. यंत्र भाषांतर देते, आणि पुष्कळदा चांगले देते, हे मान्य. पण मिळालेले भाषांतर बरोबर की चूक हे कोण ठरवणार? करारात ‘कन्सिडरेशन’ म्हणजे मोबदला. १८७२च्या करार कायद्याचा तो पाया आहे. यंत्राने तिथे ‘विचार’ लिहिले तर ते चुकले, हे ज्याला शब्द येतो त्यालाच दिसेल. ‘नॉटविथस्टँडिंग’ने सुरू होणारे कलम त्यात सांगितलेल्या इतर तरतुदींवर मात करते. भाषांतरात तो एक साधा ‘तरीही’ होऊन बसतो, आणि वाचणारा तेवढ्यावरून पुढे जातो. यंत्र ज्ञानाला हातभार लावते, अज्ञानाला फक्त धीर देते. शिवाय परीक्षेच्या खोलीत आणि साहेबाच्या टेबलासमोर मोबाइल खिशातच राहतो.

मराठी बिघडते म्हणणाऱ्यांनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांकडे पाहावे. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करणाऱ्या या माणसाने मराठी गद्याला कणा दिला. त्यांचा आवडता इंग्रजी लेखक डॉक्टर जॉन्सन, म्हणजे १७५५चा तो प्रसिद्ध शब्दकोश रचणारा आणि भारदस्त शब्दांसाठीच ओळखला जाणारा. विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनवर मराठीत निबंध लिहिला, त्याच्या ‘रासेलस’चे वडिलांनी हाती घेतलेले भाषांतर पुरे केले. इंग्रजीच्या सगळ्यांत जड लेखकात बुडालेल्या माणसाचे मराठी बिघडले का? मराठी बिघडते ते अर्धवट इंग्रजीने. ज्याला एकाही भाषेतला नेमका शब्द माहीत नसतो तो दोन्ही भाषांचे तुकडे जोडत राहतो.

आणि नेमका मराठी शब्द शोधायची सोय सरकारनेच केली आहे. १९६०मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने न्यायव्यवहार कोश, कृषिशास्त्र परिभाषा कोश असे कितीतरी कोश काढले. इंग्रजी शब्द आणि त्यासमोर मराठी. एका ओळीत मूल दोन्ही भाषांत श्रीमंत होते. तालुक्यातल्या किती शाळांच्या कपाटात हे कोश आहेत, हे मुख्याध्यापकांनी सांगावे.

एका टोळीशी मात्र माझा समेट होणार नाही, जरी ती वरवर माझ्या बाजूची दिसते. ‘तीस दिवसांत तीन हजार शब्द’ विकणाऱ्या क्लासेसची ही टोळी. २०२३च्या तलाठी भरतीत २०० गुणांपैकी ५० इंग्रजीला होते आणि दहा लाखांच्या वर अर्ज आले होते, त्यामुळे या धंद्याला तोटा नाही. ते यादी देतात: एक शब्द, एक अर्थ, घोका. ‘एक्झिक्यूट’ म्हणजे फाशी देणे. हे पाठ केलेला मुलगा खरेदीखतात तोच शब्द वाचतो आणि चक्रावतो, कारण तिथे त्याचा अर्थ दस्त करून देणे असा आहे. घोकलेले परीक्षेच्या संध्याकाळी गळून जाते. आणि मग ‘बघा, अवघड शब्दांचा काय उपयोग झाला?’ असे विचारायला पहिल्या मताचे लोक तयारच असतात. दोघे एकमेकांना पोसतात. शब्द वाक्यात भेटावा लागतो, पुन्हा पुन्हा भेटावा लागतो, त्याची भावंडे ओळखावी लागतात. ‘अप’, ‘निर्’, ‘प्रति’ हे उपसर्ग ज्या मुलाला मराठीत कळतात त्याला ‘अँटी’, ‘डिस’, ‘इंटर’ समजायला वेळ लागत नाही. हे काम शिक्षकाचे आहे, वर्गातले आहे आणि सावकाश करायचे आहे.

या मताने मुलांच्या बुद्धीचाही अपमान होतो. कीटकनाशकांची आणि खतांची लांबलचक नावे आपली पोरे न अडखळता सांगतात. ‘क्लोरपायरीफॉस’ म्हणणाऱ्या जिभेला ‘कॉम्पेन्सेशन’ जड जाईल हे कुणी ठरवले? क्रिकेटचे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे, मोबाइलच्या दुरुस्तीचे इंग्रजी शब्द ती अर्थासह वापरतात, कारण तिथे त्यांना कुणी ‘हे तुझ्यासाठी नाही’ असे सांगितलेले नसते.

इथून चाळीसेक किलोमीटरवर, तेव्हाच्या औरंगाबादेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली महाविद्यालय काढले, पुढे त्याचे नाव मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्यातल्या सगळ्यांत गरीब, सगळ्यांत दाबून ठेवलेल्या घरांतली मुले त्यांच्या डोळ्यांसमोर होती. ‘कामापुरतं’ शिकवणे त्यांना सोपे होते, आणि तेव्हा त्याला कुणी नावही ठेवले नसते. त्यांनी पुरे महाविद्यालय दिले. ज्या माणसाने देशाच्या घटनेचा एकेक इंग्रजी शब्द तोलून बसवला, त्याला शब्द कुणाच्या हाती असतात आणि कुणाच्या हातून काढून घेतले जातात हे आपल्यापेक्षा जास्त कळत होते.

म्हणून तालुक्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना माझे सांगणे आहे. येत्या जूनपासून आठवीच्या वर्गात पीकविम्याच्या नियमांचे एक पान, भूसंपादन कायद्याचे एक कलम, तुरीवरच्या निबंधाचा एक परिच्छेद घेऊन बसा. महिन्याला एक पुरे. मराठी कोश शेजारी ठेवा. मुले अडतील, विचारतील, चुकतील, आणि वर्षाअखेरीस आपल्या बापाला कागद वाचून दाखवतील. आणि ज्यांना अजूनही वाटते की बदनापूरच्या लेकराला कामापुरते इंग्रजी पुरे, त्यांनी शहरातल्या ज्या शाळेत स्वतःच्या मुलाला घातले आहे तिथे जावे आणि मुख्याध्यापकांना सांगावे, ‘यालाही कामापुरतंच शिकवा.’